दृष्टिहीनाचा संगणक आणि मेकॅनिकची घाई

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपवला. घरगुती ग्राहकांपैकी जे नोंदणी करतील त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याचे तिने जाहीर केले. म्हणजे आज ना उद्या विंडोज ११ वर जाणे आलेच. आपल्या वाचकांत संगणक दुरुस्त करणारे कारागीर आहेत, संगणकावर हिशोब ठेवणारे व्यापारी तर पुष्कळच. त्यांच्याकडे एखादे दृष्टिहीन गिऱ्हाईक येत असेल किंवा दुकानात दृष्टिहीन माणूस हिशोब लिहीत असेल, तर हे काम इतरांच्या संगणकासारखे उरकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दृष्टिहीन माणूस संगणक कानाने चालवतो. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला स्क्रीन रीडर म्हणतात. त्यांपैकी जॉज हा जुना, पण महागडा. एनव्हीडीए मोफत मिळतो. ऑस्ट्रेलियातील मायकल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ साली तो लिहायला घेतला. त्याच्यासोबत येणारा ईस्पीकचा आवाज मराठीही वाचतो. यंत्रासारखा वाचतो, पण समजतो.

आता आपला मेकॅनिक काय करतो? डिस्क पुसतो आणि कोरे विंडोज टाकतो. त्याला ते सोपे पडते. पण त्याबरोबर स्क्रीन रीडर जातो, गिऱ्हाइकाने बसवलेला वाचनाचा वेग आणि उच्चार जातात, जॉज असेल तर त्याचा परवाना पुन्हा चालू करून घ्यावा लागतो. त्यातच साउंड ड्रायव्हर बसला नाही तर डोळस माणसाची गाणी तेवढी बंद होतात. दृष्टिहीनाचा सगळा संगणकच बंद होतो. काय बिघडले आहे हे सांगणारा आवाजच नसतो! दुसऱ्या दिवशी बिले कोणी करायची?

इलाज फार खर्चाचा नाही. यूएसबीचा साधा हेडफोन जवळ ठेवावा. त्याला लागणारा ड्रायव्हर बहुधा विंडोजमध्येच असतो. एनव्हीडीएची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी, ती संगणकात न बसवताही चालते. नव्या विंडोजच्या पहिल्या पडद्यावर कंट्रोल, विंडोज आणि एन्टर ही बटणे एकदम दाबली की विंडोजचाच नॅरेटर बोलू लागतो. मधल्या काळात संगणक दोनतीनदा बंद होऊन सुरू होतो आणि तेवढा वेळ पूर्ण शांतता असते. त्या वेळी शेजारी डोळस माणूस असलेला बरा. पण त्याने पडदा वाचून सांगावा, बटणे स्वतःच दाबत सुटू नये.

"तुम्ही निवांत बसा, मी करून देतो," असे म्हणणाऱ्याची नियत चांगली असते, यात शंका नाही. तरीही संगणक ज्याचा, निर्णय त्याचा. दिवस त्यानेच ठरवावा. दरमहा जीएसटी विवरणपत्रे भरणाऱ्याने ११ आणि २० तारखेच्या तोंडावर हे काम काढणे म्हणजे शुद्ध वेडेपणा. घाई न करणे हा काही आडमुठेपणा नव्हे. २०१५ साली विंडोज १० आले तेव्हा त्यातला एज ब्राउझर स्क्रीन रीडरवर नीट चालत नव्हता. पुढे मोफत अपग्रेडची मुदत इतरांसाठी २९ जुलै २०१६ ला संपली, पण अशी साधने वापरणाऱ्यांसाठी कंपनीने ती १६ जानेवारी २०१८ पर्यंत चालू ठेवली. कंपनी थांबू शकते, तर दुकानदाराला चार दिवस थांबायला काय हरकत आहे?

जुना संगणक असल्यास आधी तपासून घ्यावा. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. साधारण २०१८ पूर्वीचे बरेच प्रोसेसर त्यात बसत नाहीत. आडवाटेने ते घुसवून देणारे आहेत, पण अशा संगणकाला पुढच्या दुरुस्त्या मिळण्याची हमी कंपनी देत नाही. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगितले पाहिजे.

डिस्क न पुसता अपग्रेड केले, तर १० दिवसांच्या आत जुन्या विंडोजवर परत जाता येते. त्या दिवसांत हिशोबाचे सॉफ्टवेअर, प्रिंटर, बँकेचे काम, सगळे कानाने चालवून पाहावे. आणि जागा मोकळी करण्याच्या नादात मेकॅनिकने जुन्या विंडोजच्या फायली पुसू नयेत, नाहीतर परतीची वाट तिथेच बंद होते.