लाल दिव्यांचा लॅपटॉप



गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी दाराशी हाक आली, "बाई, आहात का घरात?" बघते तर माझा एक जुना विद्यार्थी! चौथीपर्यंत माझ्या वर्गात होता, आता नववीत आहे. मागे त्याचे वडील, हातात वर्तमानपत्रातली जाहिरात घडी घालून धरलेली. पोराचा चेहरा फुललेला आणि वडिलांचा काळजीत. त्यांना भिशी लागली होती आणि ते पैसे कशात घालायचे हे पोराने परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

जाहिरातीत काळाकुट्ट लॅपटॉप, बटणांखालून लाल उजेड आणि वर ठळक अक्षरांत 'गेमिंग लॅपटॉप, फक्त ४९,९९० रुपये!'

"बाई, अभ्यासासाठी घेतोय," पोरगा म्हणाला.

मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

"आणि थोडे गेम," तो हळूच म्हणाला.

हे बरं झालं. नुसत्या अभ्यासासाठी हवा असेल तर हा लाल दिव्यांचा घ्यायचं काहीच कारण नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला साधा लॅपटॉप हलका असतो, एका चार्जिंगवर जास्त वेळ चालतो आणि पैसेही कमी पडतात. गेम खेळायचे असतील तर तसं सरळ सांगावं, म्हणजे पारख तरी नीट करता येते. गेम खेळणं हा काही गुन्हा नाही.

"कोणकोणते गेम?" मी विचारलं. माइनक्राफ्ट, व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह. (यातला शेवटचा मोठ्या माणसांसाठी आहे, हे मी वडिलांसमोर बोलले नाही. नंतर त्याला एकट्याला गाठून बोलले!) व्हॅलोरंट हा बेताच्या कॉम्प्युटरवरही चालावा असाच बनवलेला आहे आणि जीटीए फाइव्ह तर कॉम्प्युटरवर २०१५ साली आला. म्हणजे हे तिन्ही त्या लॅपटॉपवर चालणार. पण हा मुलगा आत्ता चौदा वर्षांचा आहे. अजून दोन वर्षांनी त्याला नवे गेम हवे असतील आणि लॅपटॉप तर बारावीपर्यंत पुरवायचा आहे.

मग आम्ही तिघं दुकानात गेलो. आता मी काही कॉम्प्युटरची तज्ज्ञ नव्हे, शाळेतले आजारी कॉम्प्युटर सांभाळून सांभाळून जे कळलं तेवढंच. दुकानदार उत्साहात होते. "बाई, यात आठ जीबीचं ग्राफिक्स आहे!" ते म्हणाले.

मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली. विंडोजमध्ये असं केलं की 'टास्क मॅनेजर' उघडतो, त्यात 'परफॉर्मन्स' नावाचं पान असतं. दुकानातल्या मांडलेल्या लॅपटॉपवर हे बघता येतं आणि त्याने काही बिघडत नाही, तेव्हा तुम्हीही विचारून जरूर बघा. तिथे ग्राफिक्स कार्डापुढे दोन आकडे होते. 'डेडिकेटेड' ४ जीबी आणि 'शेअर्ड' जवळजवळ ४ जीबी. दोन्ही मिळवले की झाले आठ!

पण गंमत बघा हं. डेडिकेटेड म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी. शेअर्ड म्हणजे गरज पडली तर लॅपटॉपच्या साध्या रॅममधून उसनी घ्यायची. रॅम होती ८ जीबी, त्यातली निम्मी विंडोजने उसनवारीसाठी मोजली. ही उसनी मेमरी कार्डाच्या स्वतःच्या मेमरीपेक्षा पुष्कळच मंद. शिवाय तीच रॅम गेमलाही हवी, विंडोजलाही हवी. शेजारच्या काकूंकडून साखर आणता येते म्हणून त्यांचा डबा आपल्या फडताळात मोजायचा का? दुकानदारांना मी तसं विचारलं, तर ते हसले. ते फसवत होते असं नाही, त्यांनाही कंपनीच्या माणसाने तसंच सांगितलं असेल. माझ्या स्वतःच्या पहिल्या लॅपटॉपवर असाच एक चकचकीत आकडा चिकटवलेला होता आणि मी तो वर्षभर कौतुकाने पुसत होते!

आता कार्डाचं नाव. ते होतं आरटीएक्स ३०५०. नाव चांगलं आहे, पण लॅपटॉपमध्ये नुसत्या नावावर जाता येत नाही. हेच कार्ड एका लॅपटॉपमध्ये ३५ वॅटवर चालतं, दुसऱ्यात ८० वॅटवर. किती वीज द्यायची ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते, कारण जास्त वीज म्हणजे जास्त उष्णता आणि ती बाहेर काढायला मोठे पंखे, जाड डबा, जास्त खर्च. एकच मुलगा पोटभर जेवून पळाला आणि उपाशीपोटी पळाला, तर फरक पडेल ना? तसंच हे. एन्व्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडलं की हा वॅटचा आकडा दिसतो. आमच्या लॅपटॉपपुढे होता ५०. अगदी वाईट नाही, पण पोटभरही नाही.

स्क्रीनवर '१४४ हर्ट्झ' असं स्टिकर होतं. म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवायची ताकद. पण ती चित्रं तयार करायची कुणी? कार्डाने! कार्ड एखाद्या जड गेममध्ये सेकंदाला ५० चित्रं काढत असेल, तर स्क्रीनच्या उरलेल्या ताकदीचा उपयोग नाही. त्याच कागदावर खाली बारीक अक्षरांत '४५ टक्के एनटीएससी' होतं. हे मात्र महत्त्वाचं. याचा अर्थ स्क्रीन रंगांच्या बाबतीत गरीब आहे, टोमॅटो जरा विटकरी दिसतो. चित्रकलेची आवड असलेल्यांनी हा आकडा आधी शोधावा.

बॅटरी होती ५० वॅट-तासांची. पाचवीच्या मुलांनीही करून बघा हा हिशेब. गेम चालू असताना लॅपटॉपने १०० वॅट ओढले तर ५० भागिले १००, अर्धा तास! म्हणून असे लॅपटॉप बॅटरीवर असताना आपली चाल मुद्दाम मंद करतात. थोडक्यात, गेम खेळायचा तो भिंतीजवळ बसून, वीटभर चार्जर लावून. आणि वीज गेली की खेळ संपला. (काही आई-बाबांना हा गुण वाटेल.)

"मग घेऊ की नको, बाई?" वडिलांनी विचारलं.

मी म्हटलं, "दादा, यातलं नंतर काय बदलता येतं आणि काय येत नाही, ते बघू या." रॅमच्या जागा दोन होत्या, टास्क मॅनेजरमध्येच 'दोनपैकी एक वापरात' असं दिसत होतं. म्हणजे दुसरी पट्टी नंतर टाकता येईल, आणि दोन पट्ट्या झाल्या की टाकीला दोन नळ लावल्यासारखं कामही भरभर होतं. माहिती साठवायची एसएसडीसुद्धा बदलता येते. पण ग्राफिक्स कार्ड मुख्य पाटीवर डाख देऊन पक्कं बसवलेलं असतं. त्याची ४ जीबी ती कायमची ४ जीबी. गेल्या काही वर्षांतले बरेच मोठे गेम एवढ्यात अडखळतात, चित्रं बारीक करून खेळावं लागतं. पंखे आणि डबाही तेच राहणार. स्क्रीन बदलता येते म्हणतात, पण त्या खर्चात कोण पडतं?

तेव्हा माझं मत स्पष्ट होतं. यंत्र खोटं नाही, पण जे बदलता येत नाही तेच यात कमी आहे. आणि रॅमची पट्टी टाकली की ४९,९९० हे ४९,९९० राहत नाहीत. थोडं थांबावं आणि निदान ६ जीबीचं कार्ड असलेला बघावा. हप्त्यांचं बोलणं निघालं तेव्हा 'बिनव्याजी'च्या खाली प्रक्रिया शुल्क आणि हुकलेली रोखीची सवलत किती, तेवढं मी कागदावर मांडून दिलं. वडिलांनी तो कागद खिशात ठेवला.

पोरगा घरी जाईपर्यंत एक शब्द बोलला नाही. पुढचे आठ दिवस शाळेच्या रस्त्यावर मला बघून दुसऱ्या बाजूने जायचा! मलाही वाईट वाटलं. चौदाव्या वर्षी 'थोडं थांब' हे ऐकायला कुणाला आवडतं?

नवव्या दिवशी मात्र वही घेऊन हजर. तालुक्यातली चार दुकानं सायकलवर फिरून आला होता. पट्टीने आखलेला तक्ता: कार्डाची जीबी, वॅट, रॅमच्या जागा, स्क्रीनचे टक्के, किंमत. आणि शेवटी एक रकाना, जो मी सांगितलाच नव्हता: 'दुरुस्ती केंद्र किती किलोमीटर?' एका कंपनीपुढे ३ लिहिलं होतं. बाकी तिन्हींपुढे ६२.