वेबसाइटवर ‘फक्त 3 पेट्या शिल्लक’ लिहिलंय, पण खरंच का? ग्राहक मिळवणं आणि ग्राहक फसवणं यात फरक काय?

समजा, देवगडमधल्या एका आंबा बागायतदाराला यंदा दलालाकडे माल न देता थेट मुंबई-पुण्यातल्या घरांमध्ये पेट्या पोहोचवायच्या आहेत. त्याने वेबसाइट बनवून घेतली, इन्स्टाग्रामवर जाहिरात केली. रोज शंभर-दीडशे लोक वेबसाइटवर येतात, फोटो बघतात आणि निघून जातात. ऑर्डर मात्र चार-पाचच.

मग वेबसाइट बनवणारा उपाय सुचवतो. पानावर उलटं मोजणारं घड्याळ लावू. गोदामात दोनशे पेट्या असल्या तरी ‘फक्त 3 पेट्या शिल्लक’ असं लिहू. डिलिव्हरीचा खर्च पैसे भरण्याच्या अगदी आधी दाखवू.

अशा उपायांनी विक्री वाढू शकते. अडचण एवढीच आहे की भारतात आता ते नियमबाह्य आहेत.

नियम काय सांगतो?

30 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने म्हणजे सीसीपीएने ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना जारी केल्या. ग्राहकाला जे करायचं नव्हतं ते त्याच्याकडून करून घेणारी स्क्रीनची रचना म्हणजे डार्क पॅटर्न. ब्रिटिश डिझायनर हॅरी ब्रिगनल यांनी 2010 मध्ये हा शब्द रूढ केला.

या सूचनांमध्ये असे 13 प्रकार दिलेत. खोटी घाई दाखवणं, न विचारता कार्टमध्ये एखादी वस्तू किंवा देणगी टाकणं, ‘नको’ म्हणणाऱ्याला लाजवणं, सबस्क्रिप्शन बंद करणं मुद्दाम अवघड ठेवणं, किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणं हे त्यातले काही.

हे नियम फक्त मोठ्या कंपन्यांसाठी आहेत, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. भारतात वस्तू किंवा सेवा विकणारे प्लॅटफॉर्म, जाहिरातदार आणि विक्रेते असे सगळेच त्यांच्या कक्षेत येतात. म्हणजे आपला बागायतदारसुद्धा.

जून 2025 मध्ये सीसीपीएने ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःच्या वेबसाइट आणि अ‍ॅप तपासायला सांगितलं. नोव्हेंबर 2025 मध्ये 26 मोठ्या कंपन्यांनी ‘आमच्याकडे डार्क पॅटर्न नाहीत’ अशी पत्रं दिल्याचं सरकारने जाहीर केलं. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ही तपासणी कंपन्यांनी स्वतःच केली होती. आपल्याच पेपरला आपणच मार्क देण्याचा हा प्रकार आहे.

मग लोक या युक्त्या का वापरतात?

कारण त्या चालतात. तिकिटांची पुनर्विक्री करणाऱ्या ‘स्टबहब’ या अमेरिकी वेबसाइटवर एक मोठा प्रयोग झाला. काही ग्राहकांना शुल्कासकट पूर्ण किंमत सुरुवातीलाच दाखवली, तर बाकीच्यांना शुल्क अगदी शेवटी दाखवलं. ज्यांना ते शेवटी दिसलं त्यांनी सुमारे 20 टक्के जास्त खर्च केला. तिकीट निवडून झालं की मन आधीच तयार झालेलं असतं. पुन्हा सुरुवातीपासून शोधायचा कंटाळा येतो आणि माणूस पैसे भरून मोकळा होतो.

म्हणजे सगळे लपवत असताना एकट्याने खरी किंमत दाखवली, तर त्याचाच माल महाग वाटतो. हा प्रश्न फक्त सचोटीवर सोडून सुटत नाही. नियम सगळ्यांना सारखा लागू झाला, तरच प्रामाणिक विक्रेत्याचं नुकसान टळतं.

आणि नियम खरंच लागू झाला की काय होतं, हे अमेरिकेत दिसलं. ग्राहकांना नकळत प्राइम सदस्य करून घेतलं आणि सदस्यत्व रद्द करणं मुद्दाम किचकट ठेवलं, असा आरोप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने अ‍ॅमेझॉनवर केला होता. सप्टेंबर 2025 मध्ये कंपनीने आरोप मान्य न करता 250 कोटी डॉलर्स देऊन हे प्रकरण मिटवलं. त्यातले 150 कोटी ग्राहकांना परत करण्यासाठी आहेत.

भारतात ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा तसंच केल्यास 50 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

छोट्या व्यावसायिकाने काय करावं?

मोठ्या अ‍ॅपला एक ग्राहक गेल्याने फरक पडत नाही. आंबेवाल्याचं गणित वेगळं असतं. मार्च ते मे एवढाच त्याचा हंगाम. यंदा ज्याने पेटी घेतली तो पुढच्या वर्षी परत आला आणि त्याने सोसायटीच्या ग्रुपवर नंबर टाकला, तरच वेबसाइटचा खर्च निघतो. खोट्या घड्याळामुळे एक पेटी जास्त जाईल. पण दुसऱ्या दिवशी तेच घड्याळ पुन्हा 24 तासांपासून सुरू झालेलं त्या ग्राहकाला दिसलं, तर तो पुन्हा यायचा नाही.

म्हणून आधी हे शोधायला हवं की लोक नेमकं कुठून परत जातात. बेमार्ड इन्स्टिट्यूट ही डेन्मार्कमधली संस्था ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करते. तिच्या मते कार्टमध्ये टाकलेली जवळपास 70 टक्के खरेदी अर्धवट सुटते. नुसतं बघायला आलेले सोडले, तर शेवटी वाढणारा खर्च हे त्यामागचं सगळ्यात मोठं कारण. त्यावर साधा उपाय म्हणजे पहिल्याच पानावर पिनकोड विचारा आणि घरपोच किंमत तिथेच दाखवा.

दुसरं कारण म्हणजे वेग. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, असं गुगलचं मानक आहे. कॅमेऱ्यातून काढलेले अवजड फोटो तसेच चढवले, तर साध्या मोबाइलवर पान उघडेपर्यंत माणूस निघून जातो.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भरवसा. कोकणातल्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी दुसरीकडचा आंबा ‘देवगड’ म्हणून विकला जातोच. त्यामुळे 2025 च्या हंगामात देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने फळावर विशिष्ट क्रमांकाचं स्टिकर आणलं. त्यावरून ग्राहकाला फळ अस्सल आहे का, हे तपासता येतं. वेबसाइटवर येणाऱ्याच्या मनातही हेच प्रश्न असतात: हा माणूस खरा आहे का? आंबा खराब निघाला तर पैसे परत मिळतील का?

गंमत म्हणजे याची उत्तरं देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार व्यवसायाचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील वेबसाइटवर द्यावा लागतो. तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची आणि ती महिन्याभरात सोडवायची. संमतीच्या चौकटीत आधीच टिक करून ठेवता येत नाही. अनेक छोट्या वेबसाइटवर यातलं काहीच नसतं. असतो तो फक्त एक फॉर्म, ज्याला कधी उत्तर येत नाही.

‘फक्त 3 पेट्या शिल्लक’ लिहायलाही हरकत नाही. फक्त त्या खरंच तीनच असायला हव्यात.

तुम्ही ग्राहक असाल तर?

कार्टमध्ये न मागितलेली वस्तू दिसली, किंमत शेवटी वाढली किंवा सबस्क्रिप्शन बंद करायचं बटण सापडेना, तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार करा. कंपन्यांनी स्वतःला दिलेले मार्क बरोबर आहेत का, हे त्या तक्रारींमधूनच कळेल.