चोवीसच्या पोटातले बारा

देवरूखला समुद्र नाही, पण जुलै संपत आला की इथल्या ऑटो इलेक्ट्रिशियनना मिरकरवाडा बंदरातून फोन यायला लागतात. मासेमारीची बंदी 31 जुलैला संपते. दोन महिने पडून राहिलेल्या बोटींच्या बॅटऱ्यांवर सेल्फ मारला की नुसती टकटक! दोष बॅटरीच्या कंपनीला दिला जातो. बऱ्याचदा तो आपल्या वायरिंगचा असतो.

ट्रकवर आपल्याला एक सवय लागली आहे. गाडी 24 व्होल्टची, टेप 12चा; मग सिरीजमधल्या दोन बॅटऱ्यांपैकी अर्थकडच्या बॅटरीवरून वायर काढायची. ट्रकमध्ये हे कसेबसे खपते. बोटीवर जीपीएस, वायरलेस, फिशफाइंडर आणि दिवे रात्रभर त्या एकाच बॅटरीवर चालतात. सकाळी इंजिन सुरू झाले की दोन्ही बॅटऱ्यांतून चार्जिंगचा करंट सारखाच जातो, आणि अल्टरनेटरचा रेग्युलेटर बघतो फक्त बेरीज. बेरीज 28.4 झाली की त्याचे काम संपले. त्यातली वरची 15.2 वर उकळते आहे आणि खालची, म्हणजे अर्थकडची, 13.2च्या पुढे सरकत नाही, हे त्याला कळायला मार्गच नाही. वरचीचे पाणी आटते, खालचीच्या प्लेटांवर सल्फेट बसते. मालक एकच बॅटरी बदलतो, म्हणजे नव्या-जुन्याची जोडी, आणि दुखणे तेच.

उपाय महाग नाही. आधी उपकरणामागची पट्टी वाचा. अनेक जीपीएस आणि फिशफाइंडर थेट 24वर चालतात. उरलेल्यांना 24 ते 12चा कन्व्हर्टर द्या. याहून चांगले म्हणजे दिव्या-यंत्रांची 12 व्होल्टची वेगळी बँक आणि तिला स्वतःचा डीसी-डीसी चार्जर. स्टार्टरच्या जोडीला मग दुसरे कुणी हात लावायचा नाही.

दोन्ही बँका 12च्या असतील तर काही जण मध्ये डायोड आयसोलेटर टाकतात. त्यात 0.7 व्होल्टच्या आसपास खाल्ले जातात; रेग्युलेटरची सेन्स वायर बॅटरीकडून घेतली नाही तर 14.4चे 13.7च पोचतात. व्होल्टेज बघून बँका जोडणारा रिले बरा, तो साधारण 13.3ला जोडतो आणि 12.8ला सोडतो. मात्र एका बाजूला लिथियम आयर्न फॉस्फेट आले की हे गणित बिघडते. ती बॅटरी चार्जिंग थांबल्यावरही 13.2-13.3ला राहते, म्हणून रिले सुटायला तयार नसतो. शिवाय ती अल्टरनेटरला तापेपर्यंत ओढते, आणि तिच्या बीएमएसने मध्येच सर्किट तोडले तर अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. तिथे डीसी-डीसी चार्जरच हवा.

बंदीत बोट वर घेतली की बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह सोडा, आणि महिन्याने मीटर लावा. 12.4च्या खाली आली तर पुन्हा चार्जिंगला. आणि बिलावर 'बॅटरी ओके' एवढेच न लिहिता प्रत्येक बॅटरीचे व्होल्टेज वेगळे लिहा. पुढच्या वर्षी फोन आला तर निदान कुठून सुरुवात करायची ते कळेल.