नकाशावरची रेघ हलते



कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याला फंडीचा उपसागर आहे. राइट व्हेल जातीचे देवमासे उन्हाळ्यात पिल्लांना घेऊन तेथे चरायला येत. देवमासा नावाचाच मासा. तो पिल्लाला अंगावर पाजतो, श्वासासाठी पाण्यावर येतो. तेलासाठी माणसाने त्यांची इतकी कत्तल केली, की १९३५ साली शिकारबंदी करावी लागली. आज ते चारशेसुद्धा उरलेले नाहीत.

शिकार थांबली, पण जहाजे वाढली. त्यांचा मार्ग नेमका या कुरणातून जाई. हा प्राणी संथ. जहाजाची धडक बसली की संपला. शिवाय देवमाशांची एकमेकांना हाक खर्जातली आणि जहाजाची घरघरही खर्जातलीच. हाक तिच्यात बुडून जाते. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवरील हल्ल्यानंतर काही दिवस जहाजे कमी झाली, तेव्हा देवमाशांच्या विष्ठेतील ताणाची द्रव्येही घटल्याचे शास्त्रज्ञांना आढळले.

देवमासे कोठे दिसतात याच्या नोंदी अभ्यासकांनी वर्षानुवर्षे ठेवल्या होत्या. त्यांच्या आधारे २००३ साली जहाजांचा मार्ग सुमारे ४ सागरी मैल पूर्वेला सरकवण्यात आला. व्यापार बंद पडला नाही. धडकेचा धोका मात्र सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाला.

पुढे भक्ष्य हलले तसे बरेच देवमासे सेंट लॉरेन्सच्या आखाताकडे वळले. तेथे नियम नव्हता. २०१७ साली कॅनडाच्या पाण्यात १२ मेले. काही धडकेने, काही मासेमारीच्या दोरात अडकून. त्यानंतर तेथे वेगमर्यादा आली.

कोणी म्हणेल, वस्तीत नळाला पाणी नाही आणि तुम्ही देवमाशांचे काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. पण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात करुणेच्याही पुढे मैत्री सांगितली. करुणा माणसापुरती, मैत्री जीवमात्रासाठी. शिवाय 'रस्ता इथूनच जाणार, तुम्ही बाजूला व्हा' हे बोल आपल्या वस्त्यांनीही ऐकले आहेत. नकाशावरची रेघ म्हणजे काही ब्रह्मलिखित नव्हे. नोंदी ठेवल्या, मागणी लावून धरली, तर ती हलते. मुक्या जिवासाठी हलली. आपल्याला तर लिहिता-बोलता येते. घरातले कागद जपून ठेवा, आणि मुलांना ही हकिगत वाचून दाखवा.

जयभीम!