दाढ काढताना हाडाचाही विचार करा

दुखरी दाढ एकदाची काढली की सुटल्यासारखे वाटते. जबड्यात मात्र तेव्हापासून झीज सुरू होते. दाताला धरून ठेवणारे हाड दात गेल्यावर आक्रसू लागते आणि पहिल्या वर्षात ही झीज सर्वाधिक असते. म्हणूनच काही वर्षांनी इम्प्लांट बसवायला गेल्यावर ऐकावे लागते, 'हाड कमी आहे, आधी ते भरावे लागेल.'

इम्प्लांट म्हणजे हाडात रोवलेला टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनच्या ब्रेनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. पण स्क्रूला धरायला पुरेसे हाड हवे.

भरण्यासाठी रुग्णाच्याच जबड्यातील हाड, मानवी दात्याचे वा जनावराचे प्रक्रिया केलेले हाड किंवा कृत्रिम भुकटी वापरतात. वेलीला मांडव घालावा तसा हा आधार. त्यावर शरीर स्वतःचे हाड तयार करते. त्याला बहुधा चार ते सहा महिने, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. जनावराचे हाड बरेचदा गाय-बैलांचे असते. ज्या घरांत ते चालणार नाही, त्यांनी आधीच विचारावे, पर्याय असतात.

झाशीतल्या मराठी कुटुंबांना वाटते, सुट्टीत पुण्याला नातेवाइकांकडे गेलो की दात करून येऊ. पंधरा दिवसांत हे जमत नाही. हाड भरणे, स्क्रू बसवणे, मग दात लावणे, शिवाय मधल्या तपासण्या, अशा अनेक खेपा होतात. त्यामुळे झाशीत किंवा जवळ ग्वाल्हेरला सोय होते का, हे आधी पाहावे.

बुंदेलखंडात घरोघरी दिसणारी तंबाखू आणि गुटखा जखम भरू देत नाहीत. विडी-सिगारेटही तशीच घातक. मधुमेह आटोक्यात हवा. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या वा इंजेक्शने चालू असल्यास दाढ काढण्यापूर्वीच सांगावे.

प्रत्येकाला हाड भरावे लागतेच असे नाही. ब्रिज किंवा कवळीनेही अनेकांचे भागते. मात्र दाढ काढण्याआधीच विचारावे, 'पुढे इथे दात बसवायचा झाला तर आत्ताच खड्डा भरून घ्यावा का?' वेळीच विचारलेला हा प्रश्न पुढची मोठी शस्त्रक्रिया आणि तिचा खर्च वाचवू शकतो.