अर्थ देणारे आम्ही आहोत!

आजकाल स्मारकांची भाषा बदलली आहे. पूर्वी पुतळा, चौथरा आणि कोनशिला एवढे पुरत असे. आता आराखड्यात ‘परस्परसंवादी अनुभव’ असतो. पडद्याला बोट लावले की चित्र हलते, बटन दाबले की आवाज येतो. आम्ही तंत्रज्ञानाचे विरोधक नाही. ज्या पिढीने बाबासाहेबांना पाहिले नाही, तिला त्यांचा आवाज ऐकायला मिळणार असेल तर आनंदच आहे. पण या अनुभवाला अर्थ कोण देतो? आराखडा करणारा की समोर उभा राहणारा?

दिल्लीत २६, अलीपूर रोड येथे बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्याच जागी १३ एप्रिल २०१८ रोजी राष्ट्रीय स्मारकाचे उद्घाटन झाले. इमारतच उघडलेल्या संविधानाच्या आकाराची आहे. आत दृकश्राव्य माध्यमांतून जीवनपट उलगडतो. परभणीत रेल्वे स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढे असलेली संविधानाची प्रतिकृती मात्र साधी. तिला ना पडदा, ना बटन. तरीही १० डिसेंबर २०२४ रोजी तिची विटंबना झाली आणि सारा जिल्हा हादरला.

‘एका प्रतिकृतीसाठी एवढे?’ असे विचारणारे तेव्हा होते, आजही आहेत. त्यांना वस्तू दिसते, अर्थ दिसत नाही. ज्याच्या आजोबाला पाणवठ्यावर उभे राहू दिले नाही, तो नातू त्या प्रतिकृतीसमोर उभा राहतो तेव्हा तिथे त्याला स्वतःचे माणूसपण दिसते. हा अर्थ कोणत्याही कारागिराने घडवलेला नाही. तो जगण्यातून आला आहे. आणि तो एका जातीचाही नाही. त्यानंतरच्या अटकसत्रात पकडलेला आणि १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयीन कोठडीत मृत्यू पावलेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी वडार समाजातला होता. संविधान फक्त बौद्धांचे, असे म्हणणाऱ्यांना याहून मोठे उत्तर कोणते?

आमच्या चळवळीला हे नवे नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आदल्या दिवशीचेच होते. माणसांनी ते ओंजळीत घेतले आणि पाण्याचा हक्क झाला. भीमराव कर्डकांच्या जलशात समोर बसलेला माणूस नुसता करमणूक करून घेणारा नव्हता. गाण्यातला सवाल तो घरी नेई, गावकीची कामे का करायची असे स्वतःला विचारी. जलसा मंचावर संपत नसे, तो वस्तीत सुरू होई. वामनदादांची गाणी आजही भीमजयंतीला गावोगावी ज्याच्या त्याच्या गळ्यातून नवी होतात.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. बटन दाबले म्हणजे सहभाग झाला, ही फसवणूक आहे. उत्तरे आधीच भरून ठेवलेली असतील, तर प्रेक्षक फक्त मान डोलावणारा उरतो. बाबासाहेबांना केवळ घटनाकार म्हणून दाखवायचे आणि जातिसंहाराचा विचार, धर्मांतर, नामांतराचा लढा अंधारात ठेवायचा, हे झगमगाटात सहज खपून जाते.

उद्या कुठेही स्मारक उभे राहो, आराखड्याच्या बैठकीत वस्तीतली माणसे हवीत. तिथे वाचायला जागा हवी, वाद घालायला सभागृह हवे, लढ्यात उतरलेल्या आयाबायांच्या आठवणी नोंदवण्याची सोय हवी. आणि बांधवांनो, मुलांना तिथे नेऊन फोटोवर थांबू नका. ‘इथे काय दाखवलेले नाही?’ हा प्रश्न त्यांना विचारायला शिकवा. त्या प्रश्नापासूनच स्मारक बोलू लागते.