फोटो सौजन्य : गूगल?

आपल्याकडचं कुठलंही पोस्टर बघा, सेमिनारची शेवटची स्लाइड बघा, नाहीतर गावातल्या गणपती मंडळाची स्मरणिका बघा. एक ओळ हमखास सापडते : "फोटो सौजन्य : गूगल." काहीजण जरा शुद्ध मराठीत लिहितात, "आंतरजालावरून साभार". हे गूगलराव भलतेच कष्टाळू दिसतात बुवा! पहाटे उठून भिगवणला फ्लेमिंगो टिपतात, दुपारी रायगडावर असतात आणि संध्याकाळी मंगळावर जाऊन तिथले दगड दाखवतात.

माझं मत स्पष्ट आहे. ही ओळ लिहिण्यापेक्षा काहीच न लिहिलेलं परवडलं. निदान आभार मानल्याचं खोटं समाधान तरी मिळत नाही.

मी शेळगावची. आमच्या इंदापूर तालुक्यात ऊस कारखान्यावर गेला की गाडी काट्यावर चढते आणि वजनाच्या पावतीवर शेतकऱ्याचं नाव येतं. त्या पावतीवर "ऊस सौजन्य : ट्रॅक्टर" असं छापलं तर? बिल कुणाच्या खात्यावर जमा होणार? दुसऱ्याच दिवशी कारखान्यावर मोर्चा जाईल! गूगल म्हणजे हा ट्रॅक्टर आहे. त्याने माल आणून दाखवला, पिकवला दुसऱ्याच कुणीतरी.

आता आपल्याच भागातलं उदाहरण घेऊ. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमेकाठची कितीतरी गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं दगडी मंदिरही गेलं. पाणी खूप ओसरलं की ते उघडं पडतं, आणि मग नेटवर त्याचे फोटो फिरू लागतात. एका फोटोत नुसतं शिखर दिसतं, दुसऱ्यात लोक आरामात मंडपात फिरताना दिसतात. दोन्ही खरे! फक्त महिना वेगळा, साल वेगळं. पण आपण ते उचलतो तेव्हा खाली ना तारीख, ना काढणाऱ्याचं नाव. मग दुष्काळातला फोटो "सध्याची परिस्थिती" म्हणून भर पावसाळ्यात छापला जातो. पुराच्या फोटोंचं तेच. जुना पूर दरवर्षी नव्याने येतो! म्हणजे नाव-तारीख लिहिणं हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न नाही, खरं-खोटं ओळखण्याचाही आहे.

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला एक गोष्ट घोटून घोटून शिकवली होती. निबंधात दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर अवतरणचिन्हं द्यायची आणि नाव लिहायचं. चित्राबद्दल मात्र कुणी काहीच बोललं नाही. जणू वाक्याला मालक असतो आणि फोटो रानात उगवतो.

कायदा काय म्हणतो? आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोवरचा हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. त्याच दुरुस्तीने आणखी एक कलम आलं : चित्रावरची मालकाच्या नावाची डिजिटल खूण परवानगीशिवाय जाणूनबुजून काढली, तर २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वॉटरमार्क दिसू नये म्हणून खालची पट्टी कापणाऱ्या कलाकारांनी हे जरूर वाचावं.

उलट राजा रविवर्म्यांची सरस्वती बघा. त्यांचं निधन १९०६ चं, त्यामुळे मुदत केव्हाच संपली. गॅदरिंगच्या पत्रिकेवर ती खुशाल छापा, कुणाची परवानगी नको. पण चित्रकाराचं नाव लिहायला काय हरकत आहे?

मैत्रिणी म्हणतात, "अगं, आपण काय त्यातून पैसे कमावतो का?" यात तथ्य आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी, संशोधनासाठी, वर्गात शिकवताना कायदा बरीच सूट देतो, आणि ती असायलाच हवी. पण फेस्टचं पोस्टर किंवा छापील अंक म्हणजे खासगी अभ्यास नव्हे. तो चार लोकांच्या हातात जातो. आणि नाव लिहायला पैसे कुठे लागतात?

बरं, प्रामाणिक राहायचं ठरवलं तर फार त्रासही नाही. सर्चमध्ये दिसतं ते छोटं चित्र सेव्ह करू नका, मूळ पानावर जा. तिथे नाव असतं, परवान्याची माहिती असते आणि मोठी फाइलही मिळते. छपाईला साधारण ३०० डीपीआय लागतात, म्हणजे ६ इंच रुंद फोटोला १८०० पिक्सेल. ३०० पिक्सेलचं चित्र ताणून छापलं की फ्लेमिंगो आहे की गुलाबी ढग, तेच कळत नाही! सेव्ह करताना फाइलचं नाव "इमेजेस-३" ठेवू नका. विषय, फोटोग्राफर आणि तारीख घाला. पानाचा पत्ता शेजारीच एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून लहान होतो आणि आतली माहितीही गळून पडते. एआयने बनवलेलं चित्र असेल तर तेही सरळ लिहा.

फुकट आणि रीतसर हवं असेल तर विकिमीडिया कॉमन्स आहे, २००४ पासून. तिथल्या बहुतेक चित्रांना क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना असतो : वापरा, पण नाव आणि परवाना लिहा. नासाचे फोटोसुद्धा बहुतांशी मोकळे आहेत, फक्त श्रेय नासाला द्यायचं.

शेवटी संपादक मंडळाला एक विनंती. पुढच्या अंकापासून नियम करा : काढणाऱ्याचं नाव, ठिकाण आणि महिना-साल असल्याशिवाय फोटो घ्यायचा नाही, आणि दुसऱ्याचा असेल तर परवाना किंवा परवानगीही हवी. सुरुवातीला पानं थोडी मोकळी दिसतील, दिसू देत. आपल्यातल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. कुणी कुंभारगावच्या होडीतून पक्षी टिपेल, कुणी आपल्याच शेतातली ऊसतोड टिपेल. ते फोटो छापा, आणि खाली गूगलरावांऐवजी आपल्याच एखाद्या पोराचं नाव येऊ द्या.

– तृतीय वर्ष, संगणक